हिरव्या पेंडीची कुळकथा

पुणे–नगर रस्त्यावर शिक्रापूर मागं पडलं की उसाच्या आणि कांद्याच्या रानांमधून लांबट छपरं दिसायला लागतात. दोन्ही अंगांना जाळी, जाळीवर गुंडाळलेले पडदे, एका टोकाला पाण्याची टाकी. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालं, पारगावला भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलं, तरी ही छपरं सुटत नाहीत. जाणाऱ्या-येणाऱ्याला ती कोंबड्यांची शेडं. शेडवाल्याच्या डोक्यात मात्र कोंबडीच्या आधी खाद्याची पोती येतात, कारण पोल्ट्रीत घातलेल्या शंभर रुपयांतले पासष्ट-सत्तर रुपये त्या पोत्यांतच जातात.

पोत्यात मुख्यतः दोनच गोष्टी: मका आणि सोयाबीनची पेंड. मका पोट भरतो, मांस आणि अंडं उभं राहतं ते पेंडीवर. ब्रॉयलरच्या पिल्लाला सुरुवातीच्या खाद्यात 22-23 टक्के प्रथिनं लागतात, अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18. सोयापेंडीत ती 44 ते 48 टक्के असतात. त्यामुळे पेंडीचा भाव हलला की शेड हलतं. 2021च्या पावसाळ्यात ते चांगलंच हललं. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता 3,950 रुपये. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. पोल्ट्रीवाल्यांना हायसं वाटलं आणि मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांनी बोंब ठोकली. दोघांचंही बरोबर होतं.

अशा दिवसांत पर्यायांची चर्चा जोर धरते. अझोला, माशीच्या अळ्या, आणि शेवाळ. टाक्यात किंवा उथळ तळ्यात वाढवलेलं, डोळ्यांना सुटं दिसणारही नाही इतकं बारीक शेवाळ वाळवून, दळून कोंबडीला घालायचं. ऐकणाऱ्याला ही काल-परवाची, कुठल्या तरी स्टार्टअपची टूम वाटते. प्रत्यक्षात तिला सत्तर वर्षं होऊन गेली. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. शेवाळाचं शोधायला हरकत नसावी. शोधत गेलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: जगात प्रथिनं महागली की शेवाळाची आठवण होते, पेंड स्वस्त झाली की लोक ते विसरून जातात.

या घराण्यात माणसाआधी पक्षी आहे. दौंड ओलांडून भीमेच्या काठाने खाली गेलं की भिगवणला उजनीचं पाणी लागतं. थंडी सरता सरता तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळताना दिसतात. तिथला मोठा रोहित शेवाळाबरोबर बारीक जलचरही खातो. त्याचा धाकटा भाऊ, मुंबईत शिवडीच्या खाडीवर दिसणारा लहान रोहित, बहुतांशी शेवाळावरच जगतो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंग त्याचा स्वतःचा नसतो, तो शेवाळातल्या रंगद्रव्यांचा असतो. पक्ष्याने शेवाळ खावं, पचवावं आणि वर त्याच्या रंगाने नटावं, हा प्रयोग निसर्गाने आपल्या दाराशी कधीचा करून ठेवलाय.

माणसांनीही ते खाल्लं. मेक्सिकोच्या तेश्कोको सरोवरावरून अ‍ॅझ्टेक लोक निळं-हिरवं शेवाळ जाळ्याने गोळा करत, वाळवून त्याच्या वड्या बाजारात विकत. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांनी ते लिहून ठेवलंय. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी कानेम्बू बायका आजही तसंच शेवाळ वाळूत वाळवून त्याच्या वड्या पाडतात. 1940मध्ये दांजार या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या वडीचं वर्णन छापलं आणि पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरांवरचे रोहित हेच शेवाळ खातात अशी नोंदही केली. युद्धाच्या धामधुमीत त्या कागदाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. 1960च्या दशकात बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनार चाडला पोचला, तेव्हा कुठे आज आपण स्पिरुलिना म्हणून ओळखतो त्या शेवाळाचं नाव जगभर झालं.

कोंबडीच्या खाद्यात मात्र आधी शिरलं ते दुसरंच शेवाळ, क्लोरेला. हॉलंडमध्ये बायेरिंक याने 1890मध्ये ते वेगळं करून प्रयोगशाळेत वाढवलं. पुढे जर्मनीत ओट्टो वारबुर्गने प्रकाशसंश्लेषण समजून घ्यायला ते हाताशी धरलं, कारण वाढतं पटापट आणि काचेच्या भांड्यात गुमान राहतं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा उपाशी जगाला पोटभर प्रथिनं कुठून आणायची ही चिंता सगळीकडे होती. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने 1951च्या सुमारास अमेरिकेत केंब्रिजमध्ये एका इमारतीच्या छपरावर प्लास्टिकच्या नळ्यांतून क्लोरेला वाढवून पाहिलं, आणि 1953मध्ये तोवरच्या सगळ्या कामाचं जाडजूड पुस्तक काढलं. दरम्यान 1952मध्ये कोम्ब्स या अमेरिकन संशोधकाने वाळवलेलं क्लोरेला कोंबडीच्या पिल्लांना घालून त्याचे निष्कर्ष ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापले. शिरूरच्या शेडातल्या पोत्याला शेवाळाची चिठ्ठी लागणार असेल, तर तिचं पहिलं बूड इथे आहे.

पण वेळ चुकली. त्याआधी चारच वर्षं, 1948मध्ये, बी-12 जीवनसत्त्व हाती लागलं होतं. तोपर्यंत निव्वळ वनस्पतींवर पोसलेली कोंबडी नीट वाढत नसे, तिच्या अंड्यांतून पिल्लं नीट निघत नसत. मासळीच्या कुटीत किंवा शेणात असं काहीतरी आहे जे धान्यात नाही, एवढंच ठाऊक होतं. आपल्या गावरान कोंबडीला ते उकिरड्यावर चोच मारूनच मिळत होतं, म्हणून तिचं कधी अडलं नाही. बी-12 कारखान्यात तयार होऊन डब्यातून मिळू लागल्यावर मासळीवरची मदार कमी झाली. मका, सोयापेंड आणि चिमूटभर जीवनसत्त्वं एवढ्यावर कोंबडी वाढू लागली. आजच्या सगळ्या ब्रॉयलर धंद्याचा पाया हाच. शेवाळ उमेदवारी करायला आलं तेव्हा जागा भरलेली होती.

ती जागा पटकावणारं सोयाबीन तरी आपल्याकडे कुठे घरचं होतं? 1935मध्ये वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांना सोयाबीन खायला लावलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. बडोदा संस्थानच्या सेवेतल्या काळे यांनी त्याच सुमारास सोयाबीनवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं: लागवड, पोषण, पाककृती, सगळं. लोकांनी वाचलं असेल, पण सोयाबीनची उसळ काही कुणाच्या ताटात आली नाही. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यात ते रानं व्यापत गेलं, तेलाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेल काढून उरलेल्या पेंडीला गिऱ्हाईक मिळालं ते कोंबडीचं. पुण्यात बी. व्ही. राव यांनी वाढवलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज आणि 1982मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती यांच्या काळात पोल्ट्री हा परसातला उद्योग राहिला नाही, आणि जिल्ह्यातल्या शेडांना रोज टनांनी पेंड लागू लागली. पन्नास वर्षांपूर्वी सोयाबीन ही नवलाईच होती. शेवाळाला हसताना हे आठवलेलं बरं.

शेवाळाची दुसरी खेप आली 1970च्या दशकात. 1972मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी एकाएकी घटली, त्यामुळे जगभरच्या पशुखाद्यात जाणारी मासळीची कुटी आटली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ बंद केली. पेंडीचे भाव भडकले आणि प्रयोगशाळांचे दरवाजे पुन्हा उघडले. कॅलिफोर्नियात विल्यम ओस्वाल्ड तर आधीपासून सांडपाण्यावर शेवाळ वाढवत होता: गोल वळणाची उथळ तळी, पाणी फिरवायला चाक, सांडपाण्यातलं खत शेवाळाला आणि शेवाळाचा प्राणवायू जिवाणूंना. तिथल्या सांडपाण्यावरचं शेवाळ पिल्लांना घालून पाहिल्याचे निष्कर्ष 1957मध्येच आले होते.

हे वाचताना पुण्याच्या माणसाला मुळा-मुठा आठवल्याशिवाय राहत नाही. शहराचं सांडपाणी घेऊन ती रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेच पाणी दौंडच्या कडेने उजनीत उतरतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं पडतं ते फुकटच्या या खतावर. मग तेच गाळून कोंबडीला घालावं की! असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला थांबवलं पाहिजे. सांडपाण्यातले जड धातू शेवाळ अंगात शोषून घेतं, आणि तळ्यात आपोआप माजणाऱ्या शेवाळांत मायक्रोसिस्टिससारखी यकृताला घातक विष तयार करणारी जातही असते. खायचं शेवाळ पेरावं लागतं, राखावं लागतं. आपोआप उगवलेलं सोडून द्यायचं.

भारतात हे पेरणं-राखणं शिकवलं ते म्हैसूरने. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात जर्मनीच्या सहकार्याने शेवाळाचा प्रकल्प सुरू झाला, एल. व्ही. वेंकटरमण हे त्यातलं मोठं नाव. जर्मनांनी आणलं होतं सेनेडेस्मस जातीचं शेवाळ. प्रथिनं भरपूर, पण पेशीभोवती टणक कवच. ते फुटल्याशिवाय कोंबडीला पचत नाही, आणि ते फोडायला तापलेल्या रुळावर वाळवणं आलं, म्हणजे इंधन आलं, म्हणजे खर्च आला. शिवाय इतकं बारीक की कापडातून निसटतं. पाण्यातून काढायला यंत्रं हवीत. स्पिरुलिनाची दोन्ही दुखणी नव्हती. त्याचं कवच मऊ, आणि ते असतं धाग्यासारखं, म्हणजे कापडात अडकतं, आणि उन्हात वाळतं. हिंदुस्थानाला साजेसं शेवाळ हेच, हे म्हैसूरकरांनी ओळखलं.

स्पिरुलिनाच्या तळ्याचं पाणी आपल्या नेहमीच्या पाण्यापेक्षा वेगळं. त्यात खायचा सोडा विरघळवून ते खारट-बुळबुळीत करतात. अशा पाण्यात बाकीचं शेवाळ आणि जंतू सहसा टिकत नाहीत, स्पिरुलिना मात्र फोफावतं. महाराष्ट्राला याचं नैसर्गिक रूप माहीत आहे: बुलढाण्यातलं लोणार. तिथला खार पूर्वी लोक काढून विकत, आणि त्या खारट पाण्याचा एरवीचा हिरवा रंग याच कुळातल्या शेवाळाचा. (2020च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा गावगप्पा फार झाल्या, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं दाखवलं.)

तळं वीतभर खोल. पाणी सतत हलतं ठेवायचं, मोठ्या तळ्यात चाकाने, लहान टाक्यात काठीने किंवा झाडूनेही. ऊन हवं, पण पाणी 35 अंशांच्या आसपास राहिलं तर उत्तम. काढणी सकाळी. हिरवंगार पाणी बारीक विणीच्या कापडावर ओतत जायचं. खाली निथळतं ते परत तळ्यात, कापडावर राहतो तो गडद, चकाकता लगदा. तो स्वच्छ पाण्याने धुऊन सोडा काढायचा, पिळायचा, मग सोऱ्यात भरून जाळीच्या तबकावर शेवया पाडायच्या. कडक उन्हात त्या दिवसभरात खुळखुळीत वाळतात. वास ओल्या गवताचा, किंचित मासळीचा. लगदा तासन्‌तास तसाच पडू दिला तर तो निळसर पाणी सोडतो आणि असा घाण मारतो की जवळ थांबवत नाही. सोऱ्या आणि ऊन, दोन्ही आपल्या घरचंच. कुरडया घालणाऱ्या बाईला हे काम शिकवावं लागत नाही.

आणि कोंबडीने ते स्वीकारलं. वेंकटरमण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994मध्ये ब्रॉयलरवरचा प्रयोग छापला. खाद्यातली मासळीची कुटी किंवा शेंगदाण्याची पेंड काढून तिच्या जागी उन्हात वाळवलेलं स्पिरुलिना घातलं होतं, अनुक्रमे 14 आणि 17 टक्के. खाद्याचं मांसात रूपांतर होण्यात फरक पडला नाही. मांसाचा रंग तेवढा गडद झाला.

तर मग अडलं कुठे? हिशेबात. दहा हजार लेअर, म्हणजे अंड्यावरच्या, पक्ष्यांचं शेड धरू. पक्षी दिवसाला 110 ग्रॅम खातो, म्हणजे रोजचं खाद्य 1,100 किलो. त्यात पाचवा हिस्सा सोयापेंड धरली तर 220 किलो, आणि तिच्यातली प्रथिनं साधारण 100 किलो. स्पिरुलिनात प्रथिनं 60 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज 165-170 किलो सुकं शेवाळ हवं. उघड्या तळ्यात चौरस मीटरला दिवसाकाठी 10 ग्रॅम उतारा मिळाला तर चांगला म्हणायचा. म्हणजे तळं हवं चार एकरांहून थोडं जास्त. वीतभर खोलीच्या त्या तळ्यात तेहतीस-चौतीस लाख लिटर पाणी, आणि लिटरमागे अर्धा ग्रॅम शेवाळ धरलं तर रोज साडेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी गाळायचं. पर्जन्यछायेतल्या शिरूरमध्ये उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी वेगळंच. चार एकर ओलिताची जमीन ज्याच्याकडे आहे तो ऊस लावेल, की दहा हजार कोंबड्यांची पेंड पिकवेल? शिवाय माणसांसाठी विकलं जाणारं स्पिरुलिना किलोला शेकड्यांत जातं, आणि सोयापेंड एरवी त्याच्या कितीतरी खाली मिळते. शेवाळ पिकवणाऱ्याने कोंबडीचा विचार सोडून गोळ्यांचा कारखाना गाठला, तर त्याला दोष कसा द्यायचा? जपानात क्लोरेलाचं हेच झालं. जगाची भूक भागवायला निघालेलं शेवाळ औषधाच्या बाटलीत जाऊन बसलं.

दुसरी अडचण कागदावर दिसत नाही. या पट्ट्यातली बरीचशी ब्रॉयलर शेडं करारावर चालतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याचं शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणं. लॉट गेला की वजनावर संगोपनाचे पैसे मिळतात, त्यात मर किती झाली आणि किती खाद्यात किती वजन निघालं याचा हिशेब लागतो. प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर, सगळी पोती शिवून येतात. त्यात मूठभर शेवाळ मिसळायचा अधिकार शेडवाल्याला नाही, आणि मिसळून वजन घटलं तर भुर्दंड त्याचाच. शेवाळाची शिफारस करणारे लेख शेतकऱ्याला उद्देशून असतात. निर्णय असतो खाद्य कंपनीच्या आहारतज्ज्ञाच्या हातात, आणि तो रोज सकाळी पेंडीचा भाव बघतो.

लेअरवाल्याचं तसं नसतं. तो बहुधा आपलं खाद्य आपण भरडून घेतो, आणि त्याच्या मालाला एक बाजू अशी आहे जी ब्रॉयलरला नाही: बलक. आपल्याकडे गिऱ्हाईक गावरान अंड्याला जास्त पैसे मोजतं ते फोडल्यावर दिसणाऱ्या केशरी बलकासाठी. तो रंग हिरव्या पाल्यातून येतो, आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीला पाला मिळत नाही. खाद्यात एक-दोन टक्के स्पिरुलिना पडलं की बलक काही दिवसांत गडद होतो. एक टक्का म्हणजे दहा हजार पक्ष्यांना रोज 11 किलो, आणि तेवढ्याला चार एकर लागत नाहीत. अकराशे चौरस मीटर, म्हणजे अकरा गुंठ्यांची तळी पुरतात. दुसरीकडे स्किझोकायट्रियम नावाचा, शेवाळाच्या नात्यातला सूक्ष्मजीव बंद टाक्यांत वाढवून ओमेगा-3ची अंडी काढली जातात. माझ्या मते शेवाळाचा पोल्ट्रीतला खरा प्रवेश हा आहे. प्रथिनं म्हणून ते सत्तर वर्षं दारात उभं आहे; रंग आणि तेल म्हणून केव्हाच आत आलंय.

अझोल्याचंही थोडं सांगायला हवं, कारण गोठ्याच्या कडेला ताडपत्रीच्या खड्ड्यात लोकांनी प्रत्यक्ष वाढवून पाहिलंय ते हेच. ते शेवाळ नाही, पाण्यावर तरंगणारं नेचं आहे. पण त्याच्या पानांच्या पोकळीत एक निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि हवेतला नत्र पकडून देतं. परसातल्या वीस-पंचवीस गावरान कोंबड्यांना ते झकास. दहा हजारांच्या शेडात नाही, कारण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

साखर पट्ट्यात असल्याचा एक फायदा शिरूर-दौंडला मिळू शकतो. किलोभर शेवाळ वाढायला पावणेदोन-दोन किलो कर्बवायू लागतो. डिस्टिलरीत एक लिटर इथेनॉल तयार होताना पाऊण किलोच्या आसपास कर्बवायू सुटतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. दहा हजार पक्ष्यांचं ते चार एकरांचं तळं पोसायला रोजच्या चारेकशे लिटर इथेनॉलचा वायू पुरे. आसवन्यांच्या हिशेबात ही चिल्लर आहे. कुणी कारखान्याने मनावर घेतलं तर सोड्याचा खर्च उतरेल.

पण त्याच इथेनॉलने शेवाळापुढे नवा सवतीभाऊ उभा केलाय. डिसेंबर 2023मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले आणि इथेनॉलचे कारखाने मक्याकडे वळले. त्याने कोंबडीचा मका महागला. मग धान्य आंबवून उरलेला सुका चोथा, ज्याला धंद्यात सगळे डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यात येऊ लागला, इतका की सोयापेंडीची मागणी घटली आणि 2024मध्ये सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकलं गेलं. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं 45 टक्क्यांच्या आसपास, मक्याच्यात 26 ते 30, आणि भाव सोयापेंडीच्या बराच खाली. फक्त बुरशीच्या विषासाठी प्रत्येक गाडीचा नमुना तपासून घ्यावा लागतो.